पाठीवर दोनदा

१४ ऑगस्ट, बुधवार. आओमोरी, दौऱ्यावर

ही वही ओकामीसाननी दिली. वस्तादांच्या बायकोला आमच्या तालमीत सगळे ओकामीसान म्हणतात, आणि त्या जे हातात ठेवतात ते नाकारायची सोय नसते. "दुपारी सगळे झोपतात आणि तू त्यांच्या डोक्यांवरून येरझारा घालतोस. त्यापेक्षा बस आणि लिही," म्हणाल्या. बसलोय.

आमच्या सुमो कुस्तीच्या धंद्यात दुपारची झोप कामातच धरतात. सकाळी सराव, मग पोट फुटेस्तोवर चान्को, म्हणजे कोंबडी-भाज्यांचा रसा, मग झोप. वजन वाढायचा दुसरा रस्ता नाही. मला झोप लागत नाही, म्हणून चौदा वर्षांनी मी एकशे चार किलो. कुरोमोरीला उभ्याउभ्या लागते, म्हणून तो एकशे त्रेसष्ट. आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच महिन्यात तालमीत आलो. आत्ता तो माझ्या शेजारी पसरलाय आणि त्याच्या श्वासाने वहीची पानं हलताहेत.

आज मुक्काम माझ्या मुलखात. बाबा फुकाउराहून तीन तास गाडीत बसून आले होते, पहिल्यांदाच.

आता आमचं काम म्हणजे हसवणं. दौऱ्यावर मोठ्यांच्या लढतींआधी मी आणि कुरो विनोदी कुस्ती करतो. कुस्तीत जे जे करायची बंदी आहे ते सगळं. मी त्याच्या तोंडावर पाण्याची चूळ मारतो, रिंगणात उधळायच्या मिठाची टोपली त्याच्या डोक्यावर उपडी करतो, त्याच्या मांडीवर पाय देऊन खांद्यावर चढतो. शेवटी मिठी मारून मी त्याच्या पाठीवर दोनदा थोपटतो. तो मला उचलून रिंगणभर फिरवतो, मी बेडकासारखे पाय झाडतो, मग तो घसरून पडतो आणि मी जिंकतो. ते थोपटणं लोकांना दिसत नाही. ती आमची खूण. अकरा वर्षांपूर्वी ओबिहिरोला माझी पकड बसायच्या आत कुरोने उचललं आणि मी पंचाच्या अंगावर जाऊन पडलो. तेव्हापासून मी दोनदा थोपटल्याशिवाय तो उचलत नाही.

खेळ संपल्यावर बाबांना मागच्या दाराशी गाठलं.

"कसं वाटलं, बाबा?"

"लोक फार हसले."

"म्हणजे आवडलं ना?"

"देवळाच्या रिंगणात मी तीस वर्षं पंच होतो. गावाला सांगत आलोय, आमचा पोरगा टोकियोत कुस्ती करतो. आज गावातले सहा जण माझ्या शेजारी बसले होते. सगळे हसले."

"मग खरी कुस्ती बघायला या की टोकियोला."

"आहे का तुझी खरी?"

बाबांनी टोपी घातली. "ज्याला कुणी हसणार नाही असं काही असलं, तर कळव. येईन." मग आणलेल्या सुक्या माकुळाची पुडी त्यांनी कुरोच्या हातात दिली. माझ्या नाही, कुरोच्या. कुरोने बसमध्ये निम्मी संपवली आणि म्हणाला, "झकास माणूस आहे तुझा बाप." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

२६ ऑगस्ट, सोमवार. टोकियो

सप्टेंबरच्या स्पर्धेची क्रमवारी लागली. सकाळपासून त्या कागदांच्या घड्या घालून पाकिटात भरतोय. मोठ्यांची नावं वर ठळक अक्षरात, आमची खाली मुंगीच्या पायाएवढी. वरून चौथ्या वर्गात मी एकेचाळिसावा, इसोचिदोरी. कुरो अडतिसावा. चष्म्याशिवाय दिसत नाही.

घड्या घालून झाल्यावर धीर करून वस्तादांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "मला विनोदी कुस्तीतून मोकळं करा. तिशी आली. मला एकदा तरी लोकांनी पैलवान म्हणून बघावं असं वाटतं."

वस्ताद नखं कापत होते. "कुरोला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"त्याला वाईट वाटेल."

त्यांनी नखकातर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसले, अगदी कंटाळल्यासारखे. "तुम्ही दोघं एकाच चिखलातले आहात. सप्टेंबर होऊ दे. मग बोलू."

एकाच चिखलातले म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. जिन्यात कुरो भेटला, म्हणाला, "काय रे, तोंड का असं?" मी म्हटलं, दात दुखतोय. त्याने जाऊन लवंगा आणल्या. दुपारभर लवंगा चघळत बसलो, न दुखणाऱ्या दातासाठी.

२९ ऑगस्ट, गुरुवार

आज स्वयंपाकाची पाळी. रसा माझ्या हातचा, हे तालमीत सगळे मान्य करतात. कोंबडीच्या हाडांचं पाणी कधी उतरवायचं, सोयाबीनची आंबवलेली मिसो कधी घालायची, ते मी वासावर ओळखतो. चौदा वर्षांत कुरो कधी चुलीजवळ वाकला नाही. त्याचं काम भांडी उचलणं. आज मात्र खिशातून छोटी वही काढून उभा.

"इसो, हाडं किती वेळ उकळायची?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना. आणि दहा माणसांना किती लागतील?"

"दहा? आपण अठरा जण आहोत."

"धर की दहा. आणि त्यातली चार म्हातारी. त्यांना चावत नाही."

म्हातारी कुठली काढली याने? पण लिहून घेत होता, जीभ बाहेर काढून, एकेक चमचा. मला बरं नाही वाटलं. तालमीत स्वयंपाकघर ज्याच्या हातात, त्याला वस्ताद सहजी घालवत नाहीत. माझा हा एक कोपरा आहे आणि आता तोही याला हवाय. मी मिसो घालतो त्यापेक्षा थोडी कमी सांगितली. नंतर लाज वाटली.

मग एक गंमत झाली. कुरो वाटेत उभा होता, मला पलीकडची पळी हवी होती. 'सरक' म्हणून मी त्याच्या पाठीवर थोपटलं. दोनदा. पुढचं काही कळायच्या आत त्याने समोरचं अख्खं पातेलं उचललं. निम्मा रसा फरशीवर.

"मी कुठे उचल म्हटलं?"

"तू थोपटलंस!"

"अरे, सरक म्हणून!"

"मग एकदा थोपटायचं."

वस्ताद ओरडले, ओकामीसान पोछा घेऊन आल्या, आणि आम्ही दोघं फरशी पुसताना इतके हसलो की माझ्या बरगड्या दुखल्या. हे लिहिताना पुन्हा हसू येतंय. तरीसुद्धा रशाचं प्रमाण बरोबर सांगणार नाही म्हणजे नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज जे दिसलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

सरावानंतर मागच्या गल्लीत सायकली लावतात, तिथे कुरो आणि ताकेई. ताकेई आमच्याच तालमीतला, तीन वर्षांपूर्वी आलेला, माझ्या दीडपट वजनाचा. कुरो त्याला विनोदी कुस्तीची पावलं शिकवत होता. "इथे तोंड उघडं ठेवून बघत राहा. चूळ आली की डोळे मिटू नकोस, मिटलेस तर लोक हसत नाहीत. इथे घसर. गुडघ्यावर नाही, ढुंगणावर. त्याला तू लागता कामा नयेस."

म्हणजे मला काढून टाकायचं चाललंय. मी वस्तादांशी बोललो ते बाहेर फुटलं आणि कुरोने दुसरा जोडीदार हुडकला, तोही माझ्या पाठीमागे. आता ताकेई माझं काम कसं करणार? तो कुरोच्या खांद्यावर चढला तर कुरो जमिनीत जाईल. पण या गोष्टीचा विचार त्यांनी करायचा, मी का करू?

मला सुटायचंच होतं. मग एवढं का झोंबतंय, ते कळत नाही. जेवताना कुरोला विचारलं, "गल्लीत काय करत होतास?" म्हणाला, "सायकलीत हवा भरत होतो." ताकेई ताटात बघून लालबुंद झाला.

८ सप्टेंबर, रविवार

पहिला दिवस, पहिली लढत, जिंकलो. वरच्या दोन वर्गांना पंधरा दिवसांत पंधरा लढती, आम्हाला सात. एकेका लढतीची वाट बघत दोन-दोन दिवस काढायचे, आणि लढायचं सकाळी, रिकाम्या खुर्च्यांपुढे. आज पहिल्या रांगेत एक आजोबा डबा उघडून बसले होते. मी प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढलं तेव्हा त्यांनी लोणच्यावरून मान वर केली.

कुरोही जिंकला. उजव्या गुडघ्याला पट्टी बांधली होती, वावभर लांब. विचारलं तर म्हणाला, "शोभेची आहे."

१५ सप्टेंबर, रविवार

चार लढती, चार विजय. कुरोच्याही चार. मे महिन्यात चौघांना हरवायला मला सहा लढती लागल्या होत्या.

आज एक शब्द बोललो नाही त्याच्याशी. तो रोज जेवण झालं की जिन्यात बसून आईला फोन करतो. तिचं डोंगरात, मोरिओकाच्याही पलीकडे, स्टेशनसमोर खाणावळीचं दुकान आहे. मे महिन्यात ती पडली, खुबा मोडला. आधी आठवड्यातून एकदा फोन असायचा. आता रोज, आणि हळू आवाजात. माझ्या बाबांनी मात्र दौऱ्यानंतर एक फोन केला नाही. ज्याचं त्याचं नशीब.

१७ सप्टेंबर, मंगळवार

पाच. दोघांच्याही पाच.

संध्याकाळी कुरोने त्याचा टेबलपंखा माझ्या अंथरुणाशी आणून ठेवला.

"हा घे तुला."

"आणि तुला?"

"मला आता थंडी वाजते."

सप्टेंबरात! एकशे त्रेसष्ट किलोच्या माणसाला! त्यानंतर त्याची जाड गादीपण देऊ करत होता. ती मी घेतली नाही. आमच्यापैकी एकजण हरला की दुसऱ्याचा वर्गातला पहिला नंबर सोपा होतो, हे मलाही कळतं. पंख्याने मन वितळेल असं वाटलं असेल त्याला. पंखा परत केला. त्याने तो गुपचूप ताकेईला दिला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सहा. कुरो, सहा. मी आज मैदानातून तालमीपर्यंत चालत आलो, नदीच्या कडेने, आणि तालीम मागे टाकून दोन चौक पुढे गेलो.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सात!

चौदा वर्षांत पहिल्यांदा सातपैकी सात. समोरचा माझ्याहून पस्तीस किलोने जड होता. मी खाली घुसलो, डोकं त्याच्या छातीखाली रोवलं आणि ढकलत राहिलो.

आणि अर्ध्या तासाने कुरोही सात.

स्पर्धेत एका तालमीचे पैलवान एकमेकांशी कधीच लढत नाहीत, असा नियम आहे. त्याला एकच अपवाद. दोघांचे सगळे विजय झाले, बरोबरी झाली, तर शेवटच्या दिवशी निर्णायक लढत. भर दुपारी, भरल्या मैदानात, टीव्हीवर. रविवारी. मी आणि कुरो.

वस्तादांनी दोघांना समोर बसवलं. "उद्या एकत्र सराव नाही. रविवारी मी कुणाच्याच बाजूला बसणार नाही. अकरा वर्षं तुम्ही दोघं ठरवून पडत आलात, देश ओळखतो तुम्हाला त्यासाठी. रविवारी कुणी ठरवून पडलं असं मला एका क्षणासाठी जरी वाटलं, तर दोघांच्या शेंड्या मी स्वतः स्वयंपाकघरातल्या कात्रीने उतरवीन. कळलं?"

"हो."

कुरोसुद्धा "हो" म्हणाला.

बाहेर जिन्यात मी त्याला धरलं. सगळं साठलेलं बोलून टाकलं. ताकेईचं, रशाचं, पंख्याचं. "तुला जे काय करायचंय ते कर. पण रविवारी पडू नकोस. मला बाबांना दाखवायचंय. दयेवर जिंकलो तर मी तुझं तोंड बघणार नाही."

कुरो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, उजवा पाय हवेत. मग म्हणाला, "बरं. मी पडणार नाही. शप्पथ. पण तूसुद्धा पडायचं नाहीस."

"मी कशाला पडेन?"

"शप्पथ घे."

"माझ्या डोक्यावर काय परिणाम झालाय?"

"घे ना, इसो."

घेतली. वेड्यासारखी मागणी. पण घेतली.

२१ सप्टेंबर, शनिवार

बाबांना फोन केला. "उद्या निर्णायक लढत आहे माझी."

"कुणाशी?"

"कुरोमोरीशी."

"ज्याच्याबरोबर ते सगळं करतोस, त्याच्याशी?"

"हो. पण खरी, बाबा."

"पहाटेच्या गाडीने निघतो."

आज सबंध दुपार बसता येत नाहीये. तीनदा नखं कापली. सरावात कुरो मला दहातून सातदा हरवतो. म्हणजे तीनदा मी जिंकतो. उद्या त्या तिनातली एक. बाबांनी कळवलं की गावातले ते सहाही जण टीव्ही लावून बसणार आहेत. त्यांनी हसू नये, एवढंच मागणं आहे देवाजवळ. जिंकणं त्याच्या नंतर. नाही, खोटं लिहिलं. जिंकणं आधी.

कुरो झोपलेला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. पाठमोरा पडून आहे, पण घोरत नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

कालचं आज लिहितोय. तालीम रिकामी आहे, आठवडाभर सुट्टी.

नाव पुकारलं आणि आम्ही दोघं समोरासमोर रिंगणात चढलो, तेव्हाच हसू फुटलं. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. कुणीतरी वरून ओरडलं, "चूळ मार रे, चूळ मार!" मी कुरोकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता, आणि त्याचा जबडा असा आवळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला इतका राग आला की कान बंद झाले. बाबा कुठे बसलेत, ते मी शोधलं नाही.

हात टेकले, उठलो, भिडलो. डोकं त्याच्या हनुवटीखाली गेलं, डावा हात आत, उजव्याने त्याच्या कमरेचा पट्टा धरला. कुरो खरा लढत होता. एवढा जोर त्याने सरावातही कधी लावला नव्हता. मला दोन पावलं मागे नेलं, मी तीन पावलं परत आणलं. त्याने हिसका दिला, मी टिकलो. मी पाय घातला, तो टिकला. मग आम्ही मधोमध एकमेकांना रेलून उभे राहिलो, दोघंही धापा टाकत. तेव्हा लक्षात आलं की हसू थांबलंय. दहा हजार माणसं आणि चिडीचूप. याचसाठी मी चौदा वर्षं घालवली होती. माझ्या कपाळावरून घाम कुरोच्या छातीवर जात होता आणि त्याचा उजवा गुडघा थडथड उडत होता. मला मांडीला जाणवत होतं ते. अजून थोडा वेळ थांबलो असतो, तर तो गुडघा आपोआप बसला असता. हे मला कळत होतं, मी डावात होतो.

मग मी पकड बदलायला उजवा हात सोडला. हात त्याच्या पाठीवर गेला.

आणि मी दोनदा थोपटलं.

हे वाक्य तीनदा लिहून खोडलंय. मला माहीत नाही. देवाशपथ माहीत नाही. हात पट्ट्याकडे चालला होता. अकरा वर्षं ती मिठी आली की हात तेच करतो. एवढंच मला खात्रीने सांगता येतं.

कुरो थबकला. पापणी लवेल इतकाच वेळ, पण थबकला, कारण त्याला कळलं. मग उचललं त्याने. गुडघ्यातून कुटकन आवाज आला, तरी उचललं, आणि मला पोटावर घेऊन कडेपर्यंत चालत गेला. आणि माझे पाय... माझे पाय हवेत झाडले गेले. बेडकासारखे. सगळं मैदान हसलं. कुरोने मला रिंगणाच्या दोरखंडाच्या पलीकडे ठेवलं, आपटलं नाही, दौऱ्यावर ठेवतो तसंच ठेवलं. पंचाने हातातला पंखा त्याच्या बाजूला केला, कुरो जिंकला.

आत गेल्यावर मी म्हटलं, "उचललंस का?"

"तू थोपटलंस. मी उचललं." तो भिंतीला धरून उभा होता आणि रडत होता. पहिला आलेला माणूस एवढा का रडतो, मला वाटलं गुडघा दुखतोय.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तालमीचा समारंभ, हॉटेलच्या हॉलमध्ये. बाबा दाराशीच उभे होते. मी मान खाली घालून गेलो.

"तो तुला नेहमी असाच उचलतो?"

"हो."

"आणि ठेवतो?"

"हो."

"कधी टाकलं नाही?"

"अकरा वर्षांत एकदाच, ओबिहिरोला. मी खूण द्यायच्या आधी."

बाबा वळले. गर्दीतून सरळ कुरोकडे गेले आणि त्याला कमरेत वाकून नमस्कार केला. अख्ख्या फुकाउरात त्यांना एवढं वाकलेलं कुणी पाहिलं नसेल. कुरो गोंधळून त्यांच्याहून खाली वाकायला गेला, पण गुडघा वाकेना, म्हणून नुसता डोकं हलवत राहिला.

तेव्हा मला दिसलं की कुरोने काळा समारंभाचा अंगरखा घातलाय. आणि हॉलच्या मधोमध एक खुर्ची, शेजारी तबकात सोनेरी कात्री.

पैलवान निवृत्त होतो तेव्हा त्याला खुर्चीवर बसवून जिवलग माणसं एकेक करून त्याच्या शेंडीचे केस कापतात. शेवटची कात्री वस्तादांची. मी आजपर्यंत वीस-पंचवीस वेळा पाहिलंय. तरी मला ताकेईला विचारावं लागलं, "खुर्ची कुणाची?"

ताकेई रडायलाच लागला. "इसोदादा, मला बोलायचं नाही असं बजावलं होतं कुरोदादांनी. गुडघा मे महिन्यातच गेला होता. आईचं दुकान बघायला कोण नाही. मी त्यांचं काम शिकतोय, पडायचं. तुमच्याबरोबर."

दहा माणसांचा रसा. चार म्हातारी. मी मिसोचं प्रमाण कमी सांगितलं होतं.

मी ओकामीसानना गाठलं. आवाज चढला माझा. "तुम्हाला माहीत होतं? सगळ्यांना? मला सोडून?"

"त्यानेच सांगितलं होतं. म्हणाला, इसोला कळलं तर तो पडेल. मला एक तरी लढत त्याच्याशी खरी खेळून जायचंय."

"मी पडलो असतो? मी? बाबा बसले होते तिथे! मी मरेपर्यंत पडलो नसतो!"

ओकामीसाननी माझी कॉलर नीट केली. "हो रे," म्हणाल्या. "जा, तुझा नंबर आलाय."

आधी त्याच्या आईने कापले, चाकाच्या खुर्चीवरून हात उंचावून. मग काही जुने आश्रयदाते. मग मी. कुरो डोळे मिटून बसला होता, हात मांडीवर. मागून त्याची मान पाहिली. इतकी वर्षं मी ती मान धरून वर चढत आलो आणि तिच्यावर एक तीळ आहे हे मला काल दिसलं. मला खूप बोलायचं होतं. वस्तादांकडे मागितलेली सुटका, लवंगा, सगळं. म्हटलं फक्त, "मिसो चार चमचे जास्त घाल. मी चुकीचं सांगितलं होतं."

"माहीत आहे," कुरो म्हणाला, डोळे न उघडता. "करून बघितला मी. बेचव झाला होता."

मी केस कापले. कात्री तबकात ठेवली. आणि जाताना त्याच्या पाठीवर थोपटलं. दोनदा.

कुरो खुर्चीतून अर्धा उठला. डोळे मिटलेलेच, आणि दोन्ही हात मागे आले, मला धरायला. वस्ताद ओरडले, "अरे, बस खाली!" आणि सगळा हॉल हसला. बाबासुद्धा हसताना दिसले.

मी कुरोचे हात धरले, खांद्यांवरून पुढे आणले आणि परत त्याच्या मांडीवर ठेवले.